बाळसे न धरणारे दत्तक बाळ आणि आपली चिकित्सा

आयुर्वेदीय चिकित्सकाकडे येणाऱ्या बालरुग्णांत अलीकडे एका निराळ्या रुग्णाची भर पडली आहे. वय तीन-चार महिने. बरोबर आलेली स्त्री प्रसूत झालेली नाही. त्यामुळे गर्भावस्थेचा, प्रसूतीचा वा स्तन्याचा कोणताही वृत्तांत ती सांगू शकत नाही. तिच्याजवळ विशेष दत्तक संस्थेने दिलेली फाइल असते, पावडरच्या दुधाचा डबा असतो आणि "बाळ दूध टाकते, अंगी लागत नाही" ही एकच तक्रार असते. कायद्याच्या भाषेत हे बाळ 'दत्तकपूर्व प्रतिपालकत्वा'त आहे. म्हणजे ते घरी आले आहे, त्याचा पाळणा टांगला गेला आहे, शेजारणी ओटी भरून गेल्या आहेत, पण दत्तकाचा आदेश अद्याप निघालेला नाही.

अशा बाळाच्या बाबतीत आपण औषध फार लवकर देतो, निदानाचे शब्द त्याहूनही लवकर उच्चारतो, आणि वजनकाटा मात्र सर्वांत शेवटी, पुष्कळदा मुळीच, वापरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते काही व्यवसायबंधूंना बोचेल याची जाणीव आहे. तथापि आपल्याच मुखपत्रात ते मांडू नये तर कोठे मांडावे?

प्रथम या बाळाचा कालक्रम पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार जन्मदात्यांनी बाळ स्वाधीन केले, तर त्यांना फेरविचारासाठी साठ दिवसांची मुदत दिलेली असते. टाकून दिलेले बाळ दोन वर्षांच्या आतील असेल, तर त्याच्या आप्तांचा शोध घेऊन ते दत्तकासाठी मुक्त असल्याचे जाहीर करण्यास कायद्याने दोन महिन्यांचा अवधी दिलेला आहे. त्यानंतर कुटुंबाची निवड, तपासण्या, कागदपत्रे. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी बाळ घरी पोचते ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. आणि अर्भकाने दूध टाकण्याचा निसर्गक्रम असा की, ते पहिल्या काही आठवड्यांत सुरू होते, चौथ्या महिन्याच्या सुमारास कळसाला जाते आणि वर्षाच्या आसपास बहुतेकांत आपोआप थांबते. चार महिन्यांची निम्म्याहून अधिक बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात.

हे दोन कालक्रम एकमेकांवर ठेवून पाहिले म्हणजे घोटाळा कसा होतो ते ध्यानात येते. बाळ ज्या आठवड्यांत परक्या घरी रुजू पाहत असते, नेमके त्याच आठवड्यांत त्याचे दूध टाकणे सर्वाधिक असते. सख्ख्या आईने हे पहिल्या महिन्यापासून वाढत आलेले पाहिलेले असते. तिला त्याचे फारसे नवल वाटत नाही. दत्तक आईला ते एकदम, भरात असतानाच दिसते. मग तिच्या मनात दोनच निष्कर्ष उभे राहतात: एक तर आपल्या हातून काही चुकते आहे, किंवा बाळातच काही खोट आहे. हे दोन्ही निष्कर्ष घेऊनच ती आपल्या दवाखान्याची पायरी चढते. आपण कोणत्या निष्कर्षाला दुजोरा देतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दूध टाकण्याची क्रिया साधी आहे. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील स्नायू या वयात मधूनमधून सैल पडतो, आहार सर्वस्वी द्रव असतो, आणि बाळ दिवसाचा बहुतेक काळ आडवे असते. जठरातील दूध वर येते, ओठांच्या कडेने ओघळते. बाळ हसत असते, पुन्हा पिते, वजन वाढते. अशा बाळाला औषधाची गरज नाही. ही गोष्ट आधुनिक वैद्यकालाही पुरेशी उशिरा उमगली. नव्वदीच्या दशकात याच तक्रारीसाठी सिसाप्राइड मुक्तहस्ताने दिले जात होते. हृदयाची लय बिघडविण्याच्या दोषामुळे ते २००० साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले आणि भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. त्याची जागा आम्लशामक औषधांनी घेतली. तर निरोगी अर्भकाच्या केवळ दूध टाकण्यावर आम्लशामके देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीच २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा त्यांनी सोडू घातलेली सवय आपण कामदुधा आणि प्रवाळाच्या पुड्यांच्या रूपाने का उचलावी, हा प्रश्न आहे. अम्लपित्ताची संप्राप्ती तीन महिन्यांच्या क्षीरपावर जशीच्या तशी लादणे हे शास्त्राला धरून नाही.

परंतु दूध टाकते आणि बाळसेही धरत नाही, हा प्रकार अगदी वेगळा. येथे स्वस्थ बसणे हा अपराध ठरेल. हे दोन प्रकार वेगळे करणारे साधन नाडीत नाही, जिव्हेवर नाही. ते काट्यावर आहे. पहिल्या तीन महिन्यांत अर्भकाचे वजन रोज साधारण पंचवीस ते तीस ग्रॅम वाढावे, पुढील तीन महिन्यांत पंधरा ते वीस. जन्मवजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट व्हावे. एकच काटा, उघडे अंग, शक्यतो तीच वेळ. एवढे पाळले की आठवड्याच्या अंतराने घेतलेली दोन वजने कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक सांगून जातात. आपल्याकडे अर्भकांचा काटा नसेल तर अंगणवाडीत आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. मुलींचे व मुलांचे वाढीचे आलेख माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेले असतात. ते कार्ड मागून घ्यावे.

आलेख वाचताना या बाळांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. लपविलेल्या गरोदरपणातून आलेले बाळ अनेकदा अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे असते. आईने पोट आवळून बांधलेले, तपासणी एकही झालेली नाही, असे घडते. पाच आठवडे आधी जन्मलेल्या बाळाची तुलना पूर्ण दिवसांच्या समवयस्काशी केली, तर ते उगाचच खुरटलेले ठरते. टाकलेल्या बाळाची तर जन्मतारीखच अंदाजाने लिहिलेली असते. अशा वेळी आलेखावरचा एक ठिपका फसवा असतो. ठिपक्यांची रेषा वर जाते आहे की नाही, ते पाहावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. वजन न वाढणाऱ्या अशा बाळांत सर्वप्रथम पाहायचे ते दूध, आणि तेही डोळ्यांनी. "काय पाजता?" असे विचारून भागत नाही. डबा, मापाचा चमचा, बाटली टेबलावर ठेवून "आत्ता इथे बनवून दाखवा" असे सांगावे. एका तालुक्याच्या गावातील जोडप्याने आणलेली मुलगी आठवते. नोंदीनुसार तीन महिन्यांची. संस्थेच्या फाइलीत जन्मवजन दोन किलो आणि सुमारे पाच आठवडे अगोदर झालेला जन्म. संस्थेतून निघताना ३ किलो ९०० ग्रॅम. एकवीस दिवसांनी आमच्या काट्यावर ४ किलो. म्हणजे रोजची वाढ पाच ग्रॅम. बरोबरच्या पिशवीत दोन निरनिराळ्या घुट्या, अरविंदासव, सुवर्णप्राशनाची कुपी आणि एक पाचक अर्क. आईला दूध बनवून दाखविण्यास सांगितले. तिने साठ मिलिलिटर पाण्यात एक सपाट चमचा पावडर घातली. डब्यावर तीस मिलिलिटरला एक चमचा असे प्रमाण छापलेले होते. "पावडर जड पडते म्हणून उलटते, पातळ करा," असे कोणीतरी जाणत्या बाईने सांगितले होते, आणि एका औषध दुकानातूनही त्याला होकार मिळाला होता.

हिशोब मांडला. दिवसाकाठी सुमारे साडेसहाशे मिलिलिटर दूध पोटात जात होते. प्रमाण मुळीच कमी नव्हते. परंतु योग्य प्रमाणात बनविलेल्या शंभर मिलिलिटर दुधातून साधारण ६७ उष्मांक मिळतात, निम्म्या पातळ दुधातून त्याच्या अर्धे. म्हणजे बाळाला किलोमागे चोपन्न-पंचावन्न उष्मांक. गरज शंभर ते एकशे दहा. पोट भरत होते, पोषण अर्धे होत होते. भूक भागत नसल्याने रडणे, रडते म्हणून एका वेळी एकशेवीस मिलिलिटर, बुचाचे भोक सुईने मोठे केलेले, मग धो-धो दूध, मग ओकारी, ओकारी म्हणून आणखी पातळ. हे चक्र कोणत्याही घुटीने तुटणारे नव्हते. दुधाचे प्रमाण सुधारले, बूच बदलले, पंच्याहत्तर मिलिलिटरचे आठ भाग केले, पाजताना मध्ये थांबून ढेकर काढणे आणि नंतर वीस-तीस मिनिटे उभे धरणे सांगितले, पिशवीतील सर्व औषधे थांबविली, संस्थेच्या बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. त्यांनी मूत्रपरीक्षा करून घेतली, ती निर्दोष निघाली. पुढल्या आठवड्यात वजन एकशे ऐंशी ग्रॅमने वाढले. बाळ दूध टाकतच होते. त्याची आता कोणी फिकीर करीत नव्हते.

चरकाचार्यांनी विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पून एक भाग दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. तो उपदेश आपण प्रौढांना पाठ करून सांगतो. इवल्याशा जठरात एका दमात एकशेवीस मिलिलिटर ओतणाऱ्यांना तो सांगितला तर पुष्कळ पुड्या वाचतील. बोंडल्याने आडव्या बाळाच्या घशात दूध ओतण्याची पद्धत काही घरांत अद्याप आहे. दूध टाकणाऱ्या बाळाला ती घातक आहे. आणि ओकारीच्या भीतीने बाळाला पालथे झोपवू नये. झोपताना बाळ पाठीवरच असावे.

दुधाच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो आपल्या संहितांशी निगडित आहे. स्तन्याच्या अभावी शेळीचे अथवा गाईचे दूध लघुपंचमुळाने वा शालिपर्णी-पृश्निपर्णीने सिद्ध करून साखरेसह द्यावे, असे वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरतंत्रात सांगितले आहे. या आधारावर आपल्यापैकी अनेक जण डबा बंद करवून शेळीचे दूध सुरू करतात. त्या काळी स्तन्याला दुसरा पर्यायच नव्हता, आणि आचार्यांनी उपलब्ध पर्यायांतील उत्तम तो निवडला; शिवाय कच्चे दूध न सांगता संस्कारित दूध सांगितले. तेथील तत्त्व 'स्तन्याच्या गुणांशी जवळचे असेल ते द्यावे' हे आहे. आज वर्षाच्या आतील स्तन्यवंचित बाळासाठी त्या तत्त्वाच्या अधिक जवळ जाणारे दूध डब्यात मिळते, हे मान्य करण्यात आयुर्वेदाचा पराभव नाही. साध्या शेळीच्या दुधात फोलेट अत्यल्प असते. केवळ त्यावर वाढलेल्या बाळांत पांडुता उद्भवते. गाईच्या वरच्या दुधात लोह नगण्य आणि क्षार अधिक. आणि "गाईचे बाधते म्हणून शेळीचे द्या" हा सल्ला तर बहुतेक वेळा निरर्थकच ठरतो, कारण ज्या बाळाला गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नाहीत, त्याला शेळीच्या दुधातीलही बहुधा सोसत नाहीत. शौचात रक्ताचे धागे, अंगावर न हटणारे विसर्पासारखे चट्टे, दूध टाकणे आणि वजन न वाढणे असे एकत्र दिसले, तर हीच शंका घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे विशेष प्रकारचे दूध लागते.

लेहनाचा विषय काढणे भाग आहे, कारण दर पुष्यनक्षत्राला आपल्या दवाखान्यांपुढे रांगा असतात आणि त्यांत ही दत्तक बाळेही असतात. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात कोणाला लेहन द्यावे आणि कोणाला देऊ नये, या दोन्ही याद्या आहेत. ज्याच्या मातेस स्तन्य नाही, तो पहिल्या यादीत आहे. हा आधार आपण आवर्जून सांगतो. मंदाग्नी, अजीर्ण, छर्दी हे दुसऱ्या यादीत आहेत. त्यांचा उल्लेख शिबिराच्या पत्रकावर कधी पाहण्यात आला नाही. दूध टाकणारे, बाळसे न धरणारे दत्तक बाळ दोन्ही याद्यांत बसते. अशा प्रसंगी निषेध बलवान मानावा, असे आमचे मत आहे. निदान शिबिरात थेंब जिभेवर टाकण्यापूर्वी प्रत्येक बाळाचे वजन घेऊन ते लिहून द्यावे. थेंबापेक्षा त्या आकड्याचा उपयोग अधिक होण्याचा संभव आहे.

त्यातच मधाचा प्रश्न येतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजाणुरूपे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करू शकतात. या रोगाची ओळख १९७६ साली कॅलिफोर्नियात पटली. मलावष्टंभ, ओढण्याची शक्ती कमी होणे, पापण्या जड होणे, मान लुळी पडणे ही त्याची लक्षणे. म्हणजे नेमके 'बाळ पीत नाही, वजन वाढत नाही' असेच चित्र. घरगुती उकळण्याने ही बीजाणुरूपे नष्ट होत नाहीत. मधाचे गुणवर्णन आम्हांस पाठ आहे आणि त्याविषयी आदरही आहे; तथापि वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, याबाबत आता तडजोड नसावी. बालचातुर्भद्र चूर्ण द्यायचेच असेल तर अनुपान बदलता येते. अनुपान बदलण्याचे स्वातंत्र्य शास्त्राने वैद्याला दिलेलेच आहे, आणि ते येथे वापरले नाही तर कोठे वापरणार?

घुटीबद्दल थोडेच सांगतो. मुरुडशेंग, हरडा, वेखंड, अतिविष, जायफळ हे सारे उगाळणाऱ्या आजीला त्या प्रत्येकाचे किती वेढे द्यायचे ते ठाऊक होते. तयार घुटीत ते ज्ञान बाटलीबंद होत नाही. जायफळाचा वेढा अधिक पडला की बाळ शांत झोपते, घरातील सर्वांना बरे वाटते, आणि दोन वेळचे दूध चुकते. मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया एके काळी कामावर जाताना बाळांना अफूची 'बाळगोळी' देत, तेव्हाही बाळे अशीच शांत झोपत. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य असते. दोन-चार महिन्यांच्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि वजन न वाढणाऱ्या बाळाला अरविंदासव लिहून देण्याचे समर्थन आम्हांस करता येत नाही. ते औषध चांगले आहे. वयाने मोठ्या बालकासाठी ठेवावे.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र औषधाची नाही, शब्दाची आहे. आपल्या परिभाषेत बीजदोष, मातृज भाव, गर्भज फक्क अशा संज्ञा आहेत. सख्ख्या घरातील बाळाबद्दल त्या उच्चारल्या तर आईवडील क्षणभर हिरमुसतात आणि बाळाला छातीशी धरून घरी जातात. दत्तक बाळाबद्दल त्याच संज्ञा उच्चारल्या, तर ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचा अर्थ फार निराळा होतो. "बीजातच काही असेल," एवढे वाक्य घरातील सासऱ्याला किंवा आत्याबाईला पुरते. "परक्याचे रक्त" हा शब्द तिच्या ओठांवर तयारच असतो. आदेश निघालेला नसतो. बाळ संस्थेकडे परत जाण्याची वाट अद्याप उघडी असते, आणि अशा रीतीने बाळे परत गेलेली आहेत. ज्या बाळाला एकदा टाकले गेले, त्याला दुसऱ्यांदा टाकले जाण्यास आपल्या तोंडचे एक सैल वाक्य निमित्त व्हावे, हे वैद्याला शोभणारे नाही. शिवाय ते शास्त्रीयही नाही. ज्यांचे आईबाप आपण पाहिलेले नाहीत, त्यांच्या बीजाबद्दल आपण कोणत्या प्रमाणाने बोलतो? प्रत्यक्ष नाही, आप्तवचन नाही, आणि अनुमानाला हेतू नाही. काश्यपांनी फक्काचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन भेद सांगितले खरे. परंतु वर्षाचे झाले तरी पायावर न चालणाऱ्या बालकाविषयीचे ते विवेचन आहे. तीन महिन्यांच्या बाळाला फक्क म्हणणे म्हणजे ग्रंथ न उघडता ग्रंथाचे नाव घेणे होय.

दुसऱ्या बाजूचीही कल्पना हवी. पुष्कळ दत्तक आईवडील आपल्याकडे येतात ते संस्थेला कळू नये म्हणून. बाळाचे वजन घटले हे समजले तर आपल्याला अपात्र ठरवतील, बाळ काढून घेतील, अशी त्यांची धास्ती असते. म्हणून ते संस्थेच्या डॉक्टरांकडे जात नाहीत, पाठपुराव्यासाठी आलेल्या कार्यकर्तीपुढे "सगळे छान आहे" म्हणतात, आणि बाळ आठवड्यामागून आठवडे खंगत राहते. आपला दवाखाना हा त्यांच्या लपण्याचा आडोसा होता कामा नये. त्यांना शांतपणे सांगावे की, वजन न वाढणे हे पालकांच्या अपात्रतेचे प्रमाणपत्र नव्हे. लपविणे मात्र त्यांच्या विरुद्ध जाईल. आदेश होईपर्यंत या बाळाची जबाबदारी एकट्या कुटुंबाची नसून संस्थेचीही असते. २०२१ च्या सुधारणेनंतर, सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. पण आदेश कोणीही दिला तरी त्या आधीच्या काळात आपण काय पाहिले, वजन किती होते, काय थांबविले, हे दिनांकासह कागदावर लिहून संस्थेला पोचणे आवश्यक आहे. हे बाळ रुग्णालय, शिशुगृह, घर अशा तीन-चार हातांतून गेलेले असते. तोंडी सांगितलेले या प्रवासात हरवते.

फाइल वाचण्यास कंटाळू नये. जन्मवजन, किती दिवसांचे, कावीळ किती काळ टिकली, कोणते दूध किती किती वेळाने दिले जात होते, हे तीत बहुधा सापडते. शिशुगृहात जे दूध सुरू होते तेच पहिले पंधरा दिवस चालू ठेवावे. घर बदलले, माणसे बदलली, वास बदलले, त्यातच दूधही बदलण्याची घाई कशासाठी? आणि काही लक्षणे अशी आहेत की, ती दिसताच औषधाचा विचारही न करता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे: हिरवी ओकारी, दोन महिन्यांच्या आतबाहेरच्या बाळाला प्रत्येक पाजण्यानंतर कारंज्यासारखी, दूर उडणारी ओकारी, ओकारीत रक्त, पोट फुगून टणक होणे, ज्वर, सुस्ती, टाळू उचलून येणे. पिताना घाम येतो, धाप लागते, तर हृदयाची शंका घ्यावी. कावीळ लांबली, शौचास खडा होतो, आवाज घोगरा आहे, तर थायरॉइडची. दूध नाकातून येते तर टाळ्याला बोट लावून पाहावे. वरून अखंड दिसणाऱ्या टाळ्याखाली फट असू शकते.

धात्रीविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. परक्या स्त्रीने बाळ वाढविणे ही कल्पना आपल्या शास्त्राला मुळीच परकी नाही. चरक-सुश्रुतांच्या शारीरस्थानांत धात्रीपरीक्षेला मानाचे स्थान आहे, आणि धात्रीचा शोक, क्रोध यांचा स्तन्यावर होणारा परिणाम सुश्रुतांनी नोंदविला आहे. आजच्या दत्तक आईला स्तन्य नसले तरी तिची भीती बाळापर्यंत पोचते. पाजताना घरातील पाच जण भोवती उभे राहून किती प्याले ते मोजत असतील, तर तिचा हात थरथरतो, बाटली घाईने पुढे होते, बाळ तोंड फिरविते. पाजण्याची जागा शांत असावी, पाजणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी, आणि भूक लागल्याच्या खुणा ओळखण्यास तिला शिकवावे. बोलू न शकणाऱ्या बालकाच्या वेदना चेष्टांवरून कशा जाणाव्यात, यावर काश्यपांनी वेदनाध्याय हा स्वतंत्र अध्याय लिहिला. औषधापेक्षा ते निरीक्षण त्या आईच्या हाती देणे हे आपल्याला सहज जमण्यासारखे काम आहे. तिळतेलाचा किंवा खोबरेलाचा हलका अभ्यंगही तिलाच करू द्यावा, मात्र दूध पाजल्यावर लगेच नको. तो करताना बाळाचे अंग तिच्या ओळखीचे होते.

काही दत्तक माता शतावरी मागतात. बाळाला नियमित अंगावर लावल्याने, प्रसूती झालेली नसतानाही थोडेफार स्तन्य येऊ शकते, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावर बाळाचे संपूर्ण पोषण होणे विरळा. शतावरी द्यायला हरकत नाही. ती दिल्यावर वरचे दूध कमी करण्याची परवानगी मात्र देऊ नये. धात्रीच्या कल्पनेचे आधुनिक रूप पाहायचे तर ते मातृदुग्धपेढीत दिसते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली पेढी सुरू केली. परंतु तेथील दूध प्राधान्याने रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बाळांसाठी असते; घरी आलेल्या तीन महिन्यांच्या बाळाला त्याची आशा लावणे योग्य नव्हे.

शेवटी औषधालयांच्या मालकांना उद्देशून काही. अर्भकांचे दुग्धपर्याय व दुग्धबाटल्या यांच्या जाहिरातीवर व विक्रीप्रोत्साहनावर १९९२ च्या अधिनियमाने आणि त्याच्या २००३ च्या सुधारणेने बंदी आहे. काउंटरवर डब्यांची आरास, सवलतीची पाटी, मोफत नमुना, यांपैकी काहीही चालत नाही. हे बहुतेकांना ठाऊक आहे. कायद्यात नसलेली एक गोष्ट मात्र आपल्या हाती आहे. डबा देताना "किती पाण्यात किती चमचे घालता?" एवढे विचारावे. विचारण्यास अर्धे मिनिट लागते, आणि "पातळ करा, जड पडते" असे कोणी म्हणाले असेल तर ते तेथेच दुरुस्त होते. घुटीची बाटली मागणाऱ्याला बाळाचे वय विचारावे. 'मधातून' असे पुडीवर छापणाऱ्या उत्पादक बंधूंनी त्यापुढे 'एक वर्षावरील बालकांस' हे शब्द जोडावेत. आणि आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी आपापल्या जिल्ह्यातील विशेष दत्तक संस्थांशी पत्रव्यवहार करून एक साधा, एका पानाचा तक्ता ठरवावा, असा प्रस्ताव आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे ठेवीत आहोत. तक्त्यात दिनांक, वजन, दुधाचा प्रकार व प्रमाण, दिवसभरात किती वेळा, ओकारीचे स्वरूप, दिलेली वा थांबविलेली औषधे आणि वैद्याची सही एवढेच रकाने असावेत. निदानाचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही.